विद्यार्थ्यांच्या हाती फाईल देताना

सप्रेम आशीर्वाद.

विद्यापीठाच्या विधी सहाय्य क्लिनिकची, म्हणजे कायद्याची मुलं गरजूंना मोफत मदत करतात त्या केंद्राची, जबाबदारी तुझ्याकडे आल्याचं कळलं. कायदा तुला येतो, तो सांगत बसत नाही. मुलांकडून काम करून घेणं हे मात्र वेगळंच काम आहे. त्यांना कुठे चुकू द्यायचं आणि कुठे अजिबात नाही, हे आधीच ठरव. मसुद्यात खुशाल चुकू दे. मुदत, सही आणि मूळ कागद तुझ्या नजरेखालूनच गेले पाहिजेत, कारण तिथली चूक मुलांना नाही, पक्षकाराला भोगावी लागते.

वकीलपत्र पॅनेल वकिलाच्याच नावे असेल. विद्यार्थी वकील नाही, आणि तू पूर्णवेळ पगारी प्राध्यापक असशील तर बार कौन्सिलच्या नियमांमुळे तूही सही करू शकत नाहीस. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेल्या वकिलाला पहिल्या दिवसापासून सोबत घे. फाईल तयार झाल्यावर बोलावलंस तर तो ती पुन्हा पहिल्यापासून करतो. आणखी एक कारण आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 चं गोपनीयतेचं संरक्षण वकिलाला आणि त्याचे दुभाषे, कारकून, कर्मचारी यांना आहे. विद्यार्थ्याचा त्यात उल्लेख नाही. पक्षकाराला काही नाजूक सांगायचं असेल तर ते वकिलासमोरच सांगू दे.

हकिगत ऐकण्याआधी फक्त दोन्ही बाजूंची नावं आणि गाव विचारायला लाव. तालुक्यात कोण कुणाचा मावसभाऊ निघेल याचा नेम नसतो. समोरची बाजू आपल्यातल्याच कुणाच्या नात्यातली निघाली तर पंचाईत, कारण एकदा हकिगत ऐकली की ऐकली.

पात्रतेत मुलं हमखास एक घोळ घालतात. बाई आली की तिला उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला पिटाळतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक उत्पन्न न बघताच मोफत मदतीला पात्र असतात. त्या हेलपाट्यात तिची एक दिवसाची मजुरी जाते आणि बऱ्याचदा ती परत येतच नाही.

मुलाखतीला दोघं बसव. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. पक्षकार कागदांची पिशवी घेऊन येतो. मुलं लगेच सातबारा उपसायला लागतात आणि माणसाचं बोलणं तिथेच तुटतं. पहिली पंधरा मिनिटं पिशवीला हात लावू देऊ नको. मग कागद तारखेप्रमाणे लावून झेरॉक्स काढायच्या आणि मूळ प्रती त्याच दिवशी परत करायच्या. एखादा मूळ कागद ठेवावाच लागला तर सहीनिशी पोच द्यायची. आपल्याकडे मराठवाड्यात निजामकाळातले उर्दू कागद निघतात, 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी महसुली नोंद, निघतं. वाचता येत नाही म्हणून मुलं ते बाजूला सारतात. यादीत त्यांची नोंद झालीच पाहिजे. वाचायला जाणकार शोध, अंदाज बांधू देऊ नको.

बहिणीच्या वाट्याचं प्रकरण असलं की सोबत भाऊ असतो आणि तोच बोलतो. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा त्यानेच घेतलेला असू शकतो, तेव्हा त्याला चहाला पाठवून तिच्याशी एकटीशी बोलायचं. बंजारा तांड्यावरची बाई असेल तर त्यांची गोरमाटी बोली बोलणारा विद्यार्थी दुभाषा म्हणून घे, नातेवाईक नको.

तारखांवर सगळ्यात जास्त वेळ घालव. पक्षकार म्हणतो, 'पोळ्याच्या आसपास कागद आला', 'येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आधी नांगर घातला'. मागच्या चार-पाच वर्षांची कॅलेंडरं क्लिनिकमध्ये ठेव आणि मुलांना तिथल्या तिथे सण तारखेत बसवायला लाव. समन्सवर छापलेली तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख वेगळी असते. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायचे 30 दिवस समन्स हाती पडल्यापासून मोजतात. पुढे न्यायालय 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतं, पण ही सवलत मुलांना सुरुवातीलाच सांगू नको, ती तीच मुदत धरून बसतात. वाट अडवल्याची तक्रार मामलतदार कोर्ट कायद्याखाली न्यायची तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांतच. फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या नोंदीवर, उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील 60 दिवसांत. इथे आणखी एक गफलत होते: फेरफार रद्द झाला की जमीन मिळाली, असं मुलांना वाटतं. फेरफार ही महसुली नोंद, तिने मालकी ठरत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लागतो आणि त्याची मुदत वेगळी चालू असते. महसुली अपिलाच्या मागे लागून दाव्याची मुदत गेलेली प्रकरणं तुझ्याकडे येतीलच.

मसुदा तपासताना लाल पेनाने स्वतः लिहून देण्याचा मोह होईल. तसं केलंस तर पुढचा मसुदाही तूच लिहिशील. आधी अर्ध्या पानात घटनाक्रम माग, मग मागणी काय ते एका वाक्यात, आणि त्यानंतरच कलमं. मुलं जुना दावा समोर ठेवून नवा टाइप करतात आणि चतुःसीमा जुन्याच राहतात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायला लाव. गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही तपासायचा.

बीड, धाराशिवकडचे पक्षकार दसरा-दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेऊन ऊसतोडीला जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलांच्या परीक्षा लागतात. घाईघाईत कोऱ्या शपथपत्रावर अंगठा घेऊन ठेवायची कल्पना कुणीतरी हुशार विद्यार्थी काढणारच. ते होऊ देऊ नको. 'वाचून दाखवलं, समजलं' हा शेरा खरोखर वाचून दाखवल्यावरच लिहायचा असतो. गणपती उठले की ऊसतोडीला जाणाऱ्या पक्षकारांची यादी काढ आणि त्यांची शपथपत्रं दसऱ्याआधी पूर्ण कर. घरच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र देता येतं, पण जे फक्त पक्षकारालाच ठाऊक आहे त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही, हे त्यांना तेव्हाच सांग. उसाच्या फडावर मोबाईल नंबर बदलतात, म्हणून गावात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा नंबरही लिहून घे.

सत्र संपताना प्रत्येक फाईलवर एका पानाची टीप हवी: पुढची तारीख, कामाचा टप्पा, मुदतीचा शेवटचा दिवस, मूळ कागद कुणाकडे, आणि पक्षकाराला काय सांगितलं आहे. शेवटचा मुद्दा मुलं गाळतात. मग नवी तुकडी पहिल्या भेटीत नेमकं उलट सांगते आणि पक्षकार गावातला एजंट गाठतो. टीप लिहिणाऱ्याने नव्या विद्यार्थ्याची पक्षकाराशी समोरासमोर गाठ घालून दिल्याशिवाय त्याला गुण देऊ नको. मुलं कुरकुरतील, पण गुणपत्रक तुझ्या हातात आहे.

फाईलींचं रजिस्टर आखलंस की पहिल्या पानाचा फोटो पाठव. रकाने मी बघून देतो.