नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला नोकरी लावून देताना आधी काय काय करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार तुमची मामेबहीण ३२ वर्षांची आहे, बारावी झालेली आहे, आणि नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून सात वर्षांच्या मुलाला घेऊन पिंपरीला तुमच्याकडे आली आहे. लग्नानंतर तिने कधी नोकरी केलेली नाही. तुमच्या ओळखीच्या दुकानात काम मिळतंय, तर ते लगेच लावून द्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

लावून द्या, पण मध्ये आठ-दहा दिवस ठेवा. अशा बायकांना कामाला लावण्याचंच काम मी करते. काम मिळणं त्यातलं सोपं. खरी परीक्षा पहिल्या तीन महिन्यांत असते. तिथे काम सुटतं ते बहुतेक वेळा चारपैकी एका कारणाने: पैसे नवऱ्याच्या हाती लागतात, मुलाला बघायला कुणी नसतं, कोर्टाच्या तारखांना खाडे होतात, किंवा नवरा कामावर येऊन तमाशा करतो आणि मालक म्हणतो, 'ताई, उद्यापासून नको.' या चारही गोष्टींची तयारी आधी करता येते.

सुरुवात आधारच्या मोबाईल नंबरापासून करा, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडतं. बऱ्याच घरांत बायकोच्या आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो. मग ती कुठेही अर्ज करो, ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि ती काय करतेय हे त्याला घरबसल्या कळतं. तिने स्वतः आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिले की नंबर बदलता येतो, त्याला कागद कुठलाच लागत नाही. त्याआधी तिच्या नावावर नवीन सिम घ्या. जुना फोन वापरायचा असेल तर व्हॉट्सॲपची 'लिंक्ड डिव्हाइसेस', गूगल खात्याचा पासवर्ड आणि लोकेशन शेअरिंग, हे तिन्ही आधी तपासा.

कागद सासरी राहिले असतील तर ते आणायला तिला एकटीला अजिबात पाठवू नका. बारावीची मार्कशीट डिजिलॉकरवर मिळू शकते, नाहीतर बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. मुलाचा जन्मदाखला ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथून पुन्हा काढता येतो. दागिने आणि तिच्या इतर वस्तू कोर्टाच्या आदेशाने परत मागता येतात.

बँक खातं नवीन उघडा, तेही नवऱ्याचं खातं नसलेल्या बँकेत. जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही. इथे एक गोष्ट हमखास निसटते. नवीन खातं उघडलं म्हणजे सरकारी पैसे आपोआप तिथे येतात असं नाही. 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये असोत की दुसरं कुठलं अनुदान, ते आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जमा होतं. जुनं संयुक्त खातं तसंच जोडलेलं राहिलं तर पैसे तिथेच पडत राहतात आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. म्हणून नवीन बँकेत आधार जोडणीचा वेगळा फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून बँकेचं नाव बदललंय का ते बघा.

आणि हे तुम्हाला, माहेरच्यांना, कळकळीने सांगते: पगार 'सुरक्षित राहील' म्हणून तुमच्या खात्यात घेऊ नका, कार्डही तुमच्याकडे ठेवू नका. घरखर्चाला तिने काय द्यायचं ते बसून ठरवा, बाकीचे पैसे तिचे. पैशासाठी हात पसरायची वेळ माहेरीही आली तर ती नोकरी तिच्या कामाची नाही.

मुलाच्या शाळेसाठी जुनी शाळा सोडल्याच्या दाखल्याची वाट बघत बसू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. प्रवेश आधी घ्या आणि शाळेची वेळ बघून मग कामाची पाळी ठरवा. दुकानात संध्याकाळी पाच ते नऊची गर्दी असते, नेमकं त्या वेळी मूल घरी एकटं राहणार. समजा पगार १२,००० आहे, पाळणाघराचे ३,००० आणि जाण्या-येण्याचे १,५०० गेले, तर हातात ७,५०० राहतात. पाळणाघर लागणार नाही अशा वेळेचं आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं १०,००० चं काम त्यापेक्षा चांगलं. हा हिशेब तिच्यासोबत कागदावर मांडा.

काम कुठलं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुकान ठीक आहे, पण ते वर्षभरासाठी. शिलाई मशीन घेऊन द्यायची घाई करू नका. मदत करणाऱ्यांना पहिल्यांदा तेच सुचतं, पण नगावर मिळणारा पैसा दर महिन्याला सारखा नसतो आणि तिला या घडीला ठरलेल्या तारखेला येणारा पगार हवा आहे. आयटीआयचा 'कोपा' हा संगणकाचा कोर्स एक वर्षाचा आहे, दहावीवर होतो आणि प्रवेशाला वरची वयाची अट नाही. तेवढं थांबणं परवडत नसेल तर रुग्ण सहायकाचा काही महिन्यांचा कोर्स बघा, पण रुग्णालयात रात्रपाळ्या असतात, तेव्हा मुलाकडे कोण बघणार ते ठरल्याशिवाय पैसे भरू नका. ती गावाकडे जाणार असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं, आणि 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचत गटातून पुढे कर्जाची सोय होते.

आता कायद्याचं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी नवऱ्याला तिच्या नोकरीच्या ठिकाणी आणि मुलाच्या शाळेत जायला मनाई करू शकतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, करता येतो. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. अंतरिम आदेश नक्की मागा, कारण मूळ निकालाला कायद्यात सांगितलेल्या ६० दिवसांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. एक खबरदारी घ्या: ती कुठे काम करते हे नवऱ्याला अजून माहीत नसेल तर अर्जात दुकानाचं नाव-पत्ता लिहायचा का, हे वकिलाशी आधी बोला. अर्जाची प्रत त्यालाही जाते. आदेश मिळाला की एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, एक मालकाकडे ठेवा. आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो दुकानाच्या दारात आला तर वाद न घालता ११२ फिरवायचा. तुमच्या घरीही धोका वाटला तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, जास्त दिवसांसाठी शक्ती सदन हे सरकारी निवारागृह आहे.

'नोकरी केलीस तर पोटगी मिळणार नाही' ही भीती तिला कुणी ना कुणी घालेल. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी स्पष्ट केलंय की बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. तिची कमाई तिला पुरेशी आहे का ते बघायचं. त्याच निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, म्हणून पगार लपवू नका. नवरा नोकरदार असेल तर पोटगीची रक्कम त्याच्या कंपनीने थेट तिला द्यावी, असा आदेशही कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली मागता येतो.

मालकाला किती सांगायचं ते तिने ठरवायचं, तुम्ही परस्पर बोलू नका. मारहाणीचा तपशील सांगायची गरज नसते. एवढं पुरतं: 'माझी कोर्टात केस चालू आहे. महिन्यात एखादी तारीख असेल, ती मी आधी सांगेन आणि तो दिवस भरून काढेन. नवरा इथे आला तर मला बाहेर बोलावू नका, पोलिसांना फोन करा.' नवरा कामावर येऊन गोंधळ घालू शकतो हे मालकाला आधी माहीत असेल तर तो बहुतेकदा सांभाळून घेतो. अचानक झाला तर घाबरतो.

कामावर रुजू होताना फॉर्म ती स्वतः वाचून भरेल असं बघा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि दुकान ईएसआयसी या कामगार विमा योजनेखाली येत असेल तर तिला आणि मुलाला उपचार मिळतात, त्यामुळे मुलाचं नाव तिथे न विसरता घाला. 'तातडीचा संपर्क' या रकान्यात सवयीने नवऱ्याचा नंबर लिहिला जातो, तिथे तुमचा लिहा. पीएफ असेल तर वारसाच्या रकान्यात लग्न झालेली बाई म्हणून क्लार्क नवऱ्याचं नाव टाकून मोकळा होतो. नवऱ्याला कुटुंबातून वगळायचं आहे असं तिने पीएफ आयुक्तांना लेखी कळवलं की तो त्यातून बाहेर होतो, तशी तरतूद ईपीएफ योजनेतच आहे. त्या अर्जाची पोच घ्या आणि वारस म्हणून मुलाचं नाव लावा. तो अठरा वर्षांखालचा असल्याने पालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं हेही तिलाच ठरवू द्या.