सेल नवा, काटा जागेवरच

प्रश्न : काका, बाबा निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं त्यांचं साधं, तीन काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ आहे. सेल संपला म्हणून बदलून आणला, पण सेकंदकाटा हलतच नाही. दुकानदार म्हणतात, मशीन गेलं, नवीन टाका. जुना सेल मी मागून घेतला होता. त्यावर ३७७ लिहिलंय, नव्यावर ३६४. यानं फरक पडतो का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, जुना सेल मागून घेतलात हे फार चांगलं केलंत. दोन्ही सेल काचेवर शेजारी ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. गोलाई सारखीच, ६.८ मिलिमीटर. पण ३७७ ची जाडी २.६, तर ३६४ ची जेमतेम २.१. व्होल्टेज दोघांचं १.५५. त्यामुळे ३६४ खोबणीत छान बसतो, मल्टिमीटरवर (वीज मोजायच्या यंत्रावर) भरलेला दिसतो, आणि तरी सेलमधली वीज मशीनला देणाऱ्या धातूच्या पत्तीला नीट टेकत नाही. अर्ध्या मिलिमीटरपायी बाबांचं मशीन काढून टाकू नका! मधे चॉकलेटचा चंदेरी कागद घडी करून घाला, असं कुणी सांगेल. तसं मुळीच करू नका. कागद सरकला की सेल शॉर्ट होतो.

३७७ च घ्या. पाकिटावर एसआर ६२६ असंही लिहिलेलं असतं. एलआर ६२६ त्याच मापाचा आणि स्वस्त, पण तो अल्कलाइन. घड्याळात गळाला तर पत्ती खातो. सेल प्लास्टिकच्या चिमट्यानं धरा, स्टीलच्या नको.

चावी पूर्ण आत दाबली आहे ना? बाहेर ओढलेली असली की काटा थांबतोच. पत्तीवर पांढरा-हिरवा थर दिसला, तर लाकडी काडीनं हलकेच खरवडा.

एवढ्यानंही चाललं नाही तर मला कॉइलची, म्हणजे मशीनमधल्या तारेच्या गुंडाळीची, शंका येईल. तिची तार केसाहून बारीक असते. सेल काढताना स्क्रू-ड्रायव्हर घसरला की तुटते. सेल काढून मीटर ओहमवर ठेवा आणि कॉइलच्या दोन टोकांना लावा. साधारण एक ते अडीच हजार ओहम दिसले तर कॉइल शाबूत. काहीच दाखवलं नाही, तरच मशीन बदला. तेव्हाही डायल आणि काटे बाबांचेच ठेवायला सांगा.

झाकण लावण्याआधी ते आतून पाहा. पूर्वी कुणी कारागिरानं सुईनं तारीख कोरली असेल. मी अजूनही कोरतो. तुम्ही बारीक मार्करनं आजची तारीख आणि ३७७ लिहून ठेवा.