समांतर अक्षांच्या आलेखातला गुंता

प्रश्न : मोटारगाड्यांच्या सुमारे चारशे मॉडेलांची माहिती मी एका तक्त्यात गोळा केली असून त्यात वजन, अश्वशक्ती, मायलेज, सिलिंडरांची संख्या असे एकूण सात रकाने आहेत. त्याचा समांतर अक्षांचा आलेख काढला, तेव्हा रेषांच्या जाळ्याखेरीज काहीच दिसले नाही. तो वाचायचा कसा?

उत्तर : या आलेखात प्रत्येक रकान्याला एक उभा अक्ष आणि प्रत्येक गाडीला सर्व अक्षांवरून जाणारी एक रेषा मिळते. फ्रेंच गणिती मॉरिस दोकान्ये यांनी 1885 मध्ये समांतर अक्षांची ही मांडणी प्रसिद्ध केली होती. बहुमितीय माहितीसाठी तिचा पद्धतशीर विकास पुढे आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी केला.

नजर एका वेळी शेजारच्या दोनच अक्षांवर ठेवावी. वजन आणि मायलेज शेजारी असतील, तर जड गाड्यांच्या रेषा वरून खाली आणि हलक्या गाड्यांच्या खालून वर जाताना मधल्या जागेत एकमेकींना छेदतात. हे व्यस्त संबंधाचे लक्षण होय. वजन आणि अश्वशक्ती यांच्यामध्ये मात्र बहुतेक रेषा फारशा न छेदता जातात. मायलेजचा अक्ष उलटा केल्यास बरीचशी गुंतागुंत निवळते, आणि हा उपाय लोक का टाळतात हे मला कळलेले नाही.

दूरच्या अक्षांमधला संबंध असा थेट दिसत नाही, म्हणून क्रम बदलून पाहावा लागतो. सात अक्षांच्या 21 जोड्या होतात आणि एका मांडणीत सहाच जोड्या शेजारी येतात. तरीही क्रम विचारपूर्वक निवडले, तर चार मांडण्यांत सर्व जोड्या पाहून होतात.

रेषा बऱ्याच पारदर्शक ठेवाव्यात, म्हणजे दाटी कुठे आहे ते आपोआप गडद होऊन दिसते. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे अक्षावरचा एखादा पट्टा माउसने निवडून बाकीच्या रेषा फिक्या करणे. मायलेजचा वरचा भाग निवडा आणि त्या गाड्या वजनाच्या अक्षावर कुठे जातात ते पाहा. छापील आलेखात ही सोय नसल्याने तिथे हा प्रकार मी सहसा सुचवत नाही.

सिलिंडरांच्या अक्षाची अडचण वेगळी आहे. तिथे 4, 6, 8 अशी मोजकीच मूल्ये असल्यामुळे शेकडो रेषा एकाच बिंदूत शिरतात आणि पलीकडे कोणती कोणाची हे ओळखता येत नाही. तो अक्ष काढून टाकावा आणि सिलिंडरांची संख्या रेषांच्या रंगाने दाखवावी.