पर्वरीच्या फ्लॅटमधलं रोप डिफेनबाखिया नाही, अग्लोनिमा आहे. आणि बुडखा कुजतोय तो रोजच्या पाण्यामुळे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलमध्ये उत्तरेची खिडकी, सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत दीड फुटाचं रोप. नर्सरीवाल्याने डिफेनबाखिया म्हणून दिलं. जुलैपासून खालची पानं पिवळी पडतायत, मातीलगत खोड मऊ लागतंय, रोज सकाळी एक पेला पाणी घालताय. घरात रांगतं मूल आहे. रोप कोणतं, वाचेल का, आणि मुलाला धोका आहे का, हे तुम्हाला हवंय.

आधी ओळख. फोटोत कुंडीच्या तळातून चार-पाच फुटवे वेगवेगळे वर आलेले दिसतात आणि खोड बोटाएवढंच जाड आहे. डिफेनबाखिया बहुधा एकाच जाड, रसाळ, वळ्यावळ्यांच्या खोडावर सरळ वर चढतो आणि खालची पानं गळून खोड उघडं पडतं. अग्लोनिमा झुडपासारखा पसरतो. पान हातात घेऊन बघा: अग्लोनिमाचं पान चामड्यासारखं ताठ, भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं असतं, आणि मधल्या शिरेपासून मोजता येतील इतक्याच ठळक शिरा दोन्हीकडे निघतात. डिफेनबाखियाचं पान रुंद आणि मऊ असतं, त्याची मधली शीर पाठीमागे चांगली जाड लागते, आणि बाजूच्या शिरा बारीक, दाट, एकमेकींना लागून असतात.

तरी पानावरून चूक होऊ शकते. फुलावरून सहसा होत नाही. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात फिकट हिरव्या पानासारख्या आवरणात आखूड पांढरं कणीस आलं होतं आणि आता तिथे लांबट फळं लाल होतायत. अग्लोनिमात ते कणीस आवरणापासून सुटं उभं असतं, तळाशी थोडीच मादीफुलं असतात आणि त्यांची फळं पिकून लाल होतात. डिफेनबाखियाच्या कणसाचा खालचा अर्धा भाग पाठीमागून आवरणाला चिकटलेला असतो. पुढच्या वेळी फूल आलं की आवरण बाजूला करून एवढं एकच बघा.

जात सांगायची तर, मधला जवळजवळ सगळा भाग चंदेरी आणि कडेला हिरवी, थोडी वेडीवाकडी चौकट, पान रुंदसर, देठ हिरवा, म्हणजे बहुतेक ‘सिल्व्हर बे’. ‘सिल्व्हर क्वीन’चं पान याहून अरुंद असतं. गडद हिरव्यावर चंदेरी आडवे पट्टे असले तर ती ‘मारिया’. बाजारात हल्ली लाल-गुलाबी अग्लोनिमा खूप दिसतात. तो रंग सुमात्रातल्या रोटुंडम जातीच्या संकरातून आला, आणि इंडोनेशियाचे ग्रेगोरी हांबाली यांची ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ ही त्यातली गाजलेली जात. लाल जातींना हिरव्या-चंदेरी जातींपेक्षा बराच जास्त उजेड लागतो. तुमच्या खिडकीत त्या आणू नका, नवी पानं फिकी येत जातील.

आता कुजण्याचं कारण. ‘कमी उजेडात चालतं’ याचा अर्थ एवढाच की हे रोप कमी उजेडात तग धरतं. पण तेव्हा त्याची वाढ मंदावते आणि पाण्याची गरजही तितकीच खाली येते. जुलैत गोव्यात दिवसचे दिवस आभाळ भरलेलं, त्यात झड आत येऊ नये म्हणून खिडकीला ताडपत्री. एप्रिलमध्ये त्या कोपऱ्यात जेवढा उजेड होता, त्याच्या निम्मासुद्धा आता नसेल. हवा दमट इतकी की कुंडीतलं पाणी उडून जात नाही आणि पानांतूनही फार जात नाही. पाणी मात्र रोज एक पेला. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, मग बुरशी आणि मऊकूज करणारे जीवाणू आत शिरतात. खालची पानं पिवळी पडतात ती मुळं गेल्यावर. लोकांना वाटतं रोप तहानलंय, म्हणून ते आणखी पाणी घालतात, आणि पावसाळ्यात घरातली बहुतेक अग्लोनिमा अशीच जातात.

वाचवायचं आजच हाती घ्या. रोप कुंडीतून काढा, माती झटका, मुळं धुवा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं आणि ओढलं की वरची साल निसटून आत दोरा राहतो. वास घ्या. घाणेरडा, सडका वास आणि लिबलिबीत खोड म्हणजे जीवाणूंची मऊकूज, तिच्यावर औषध नाही, तेवढा फुटवा कापून टाकायचा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून मऊ भागाच्या वर कापा आणि कापलेला भाग बघा. आत तपकिरी वर्तुळ किंवा ठिपके दिसले तर सुरी परत पुसून आणखी दोन सेंटिमीटर वर कापा. आतून एकसारखा फिका आणि टणक दिसेपर्यंत हे करायचं. इथे हात आखडता घेतला तर आठ दिवसांत कूज परत वर चढते.

बुडखा निरोगी असलेले फुटवे स्वतःच्या मुळांसकट वेगळे करा. ज्यांचा बुडखा गेलाय त्यांचे चार-पाच पानांचे शेंडे, दहा ते पंधरा सेंटिमीटरचे, घ्या. सगळ्यात खालची एक-दोन पानं काढा आणि काप रात्रभर सावलीत उघडा ठेवून सुकू द्या. मधलं खोड टणक असेल तर तेही फेकू नका. दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) आडवे, अर्धे दाबून ठेवले की डोळ्यांतून फुटतात. शेंड्यांना या उबेत साधारण महिना-दीड महिन्यात मुळं येतात. बाटलीत पाण्यातही येतात, पण पाणी तीन-चार दिवसांनी बदला आणि तोंडाशी कापूस लावा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. कुंडीखालच्या बशीलाही तोच नियम.

मातीबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडे घोळ इथेच होतो. अंगणातली लाल माती घरातल्या कुंडीत भरू नका. जांभ्याची ती बारीक माती दोन-चार पाण्यांत बसते आणि विटेसारखी घट्ट होते. दोन भाग कोकोपीट, एक भाग नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एक भाग जाडसर कोळसा किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. सोडणं आणि कोकोपीट दोन्ही बादलीत भिजवून, पाणी दोनतीनदा बदलून घ्या, त्यांत क्षार असतात आणि त्यानेही पानांची टोकं करपतात. चिऱ्याची खडी वापरायचीच तर धुऊन मिश्रणात मिसळा, तळाला थर म्हणून नको. खड्यांच्या थराने निचरा वाढत नाही. बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खाली खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओला पट्टा उलट वर, मुळांच्या जवळ येतो. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं रुंद, एवढीच. पावसाळ्यात मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, ती अंगातून पाणी सोडते.

पाण्याचं वेळापत्रक ठेवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, तिथे कोरडं लागलं आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली, तरच घाला. घालाल तेव्हा मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. सहा इंची कुंडीला साधारण तीनशे-चारशे मिलिलिटर लागतं. तुमच्या जागी जुलै-ऑगस्टमध्ये हे दहा-पंधरा दिवसांतून एकदा येईल, एप्रिल-मे मध्ये चार-पाच दिवसांनी. रोजचा पेला बंद म्हणजे बंद.

जागा खिडकीपासून दीड-दोन हातांवर घ्या आणि ताडपत्री पारदर्शक लावा. दुपारी बाराला पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरून सावली बघा. कडा पुसट पण सावली ओळखू येते, तर उजेड पुरेसा. सावली पडतच नाही, तर रोप पुढे सरकवा. बाल्कनीत ठेवलं तर उत्तमच, फक्त दुपारचं थेट ऊन आणि पावळीचं पाणी लागणार नाही अशा बाजूला. उन्हाने चंदेरी भागावर आधी कागदासारखे पांढरे डाग पडतात. गोव्याची थंडी त्याला त्रास देत नाही. एसीचा झोत थेट नको.

मुलाबद्दल. धोका खरा आहे, पण कशाचा ते नीट कळू द्या. पानांत, खोडात आणि फळांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळू आणि सुरण याच कुळातले. अळू खाजू नये म्हणून आपण त्यात चिंच किंवा अंबाडे घालतो, आणि अळूला खाजवणारी वस्तू हीच. अग्लोनिमा चावला तर ओठ, जीभ, घसा भाजल्यासारखा होतो, लाळ गळते, सूज येते. डिफेनबाखियात हे जास्त तीव्र असतं. ती लाल फळं आजच तोडून टाका, मुलाचं लक्ष पानांपेक्षा त्यांकडे जाईल. रोप मुलाच्या हाताबाहेर ठेवा आणि कापाकापीनंतर हात साबणाने धुवा. चावलंच तर तोंड पाण्याने पुसून काढा, थंड दूध किंवा पाणी थोडं थोडं द्या, उलटी करायला लावू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास दिसला तर लगेच हॉस्पिटल.

खत सध्या काही नको, मुळं नसलेल्या रोपाला खत म्हणजे मीठ. नवं पान पूर्ण उघडलं की, बहुधा दिवाळीच्या सुमाराला, पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आधी ओलसर केलेल्या मातीत. तेव्हाच देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके आहेत का बघा. तो पिठ्या ढेकूण असतो, पाऊस ओसरल्यावर मुंग्यांच्या रांगेबरोबर येतो. दोन-चार असले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. जास्त असले तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि चमचाभर पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा.