बाबांची एफडी मोडून कोर्स करावा का? कोल्हापूरच्या एका वाचकाला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय २६, कोल्हापूर, २०२३ ला एमसीए झालं, मग इथल्याच एका छोट्या कंपनीत सोळा महिने पीएचपी आणि लाराव्हेलचं (वेबसाइटच्या प्रोग्रामिंगचं) काम, पगार १८ हजार. कंपनीचा बाहेरचा क्लायंट गेला आणि चार-पाच जणांना एकदम घरी बसवलं, याला आता पाच महिने झाले. स्वतःची सेव्हिंग ६२ हजार. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, वय ६१, पेन्शन २७०० रुपये, बँकेत ६ लाखांची एफडी ७ टक्क्यांनी आणि एका पतसंस्थेत २ लाख. पुण्यातला एक क्लास फुल स्टॅक (वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू बनवणं) आणि एआयचा सहा महिन्यांचा कोर्स १ लाख ४० हजार अधिक जीएसटीला देतोय, शनिवारपर्यंत भरले तर डिस्काउंट. बाबा म्हणतात एफडी मोडू. आणि हातात एक ऑफर आहे, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ईआरपी (कारखान्याचा माल, बिलं, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सपोर्ट, १६ हजार. तुझं म्हणणं, ही नोकरी घेतली तर मी इथेच अडकेन.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, कोर्स घेऊ नको, एफडीला हात लावू नको, फाउंड्रीची नोकरी घे, पण एका अटीवर, ती अट खाली सांगतो. आता कारणं.

कोर्सची किंमत तू १ लाख ४० हजार लिहिलीस. १८ टक्के जीएसटी धरला की १,६५,२०० झाले. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस आणि मोबाइल असं काटकसरीने महिन्याला १३ हजार धरू, सहा महिन्यांचे ७८ हजार. कोर्स संपला त्याच दिवशी नोकरी लागत नाही, सध्याच्या मार्केटमध्ये तर नाहीच, म्हणून शोधायला अजून तीन महिने, ३९ हजार. झाले २,८२,२००. आणि या नऊ महिन्यांत फाउंड्रीत जे १ लाख ४४ हजार मिळाले असते ते मिळणार नाहीत. म्हणजे खरा फरक सव्वाचार लाखांच्या वर जातो, आणि क्लासवाला तुला फक्त पहिला आकडा दाखवतो.

समोर मिळणार काय ते पण बघ. मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशर पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. धर की तुला ३ लाख ३६ हजारांचं मिळालं, हातात २४-२५ हजार येतील, पुण्यात १४-१५ हजार खर्च, उरले दहा. त्यातून २ लाख ८२ हजार परत करायला अठ्ठावीस महिने, आणि तेव्हा तू परत शून्यावर. हे सगळं ठीक झालं तर. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या लेव्हलचे होते, आणि तिथून बाहेर पडलेली अनुभवी माणसं पण पुण्यातच नोकरी शोधतायत. पाच महिन्यांचा गॅप घेऊन तुला त्यांच्याशी स्पर्धा करायची आहे, आणि क्लासचं सर्टिफिकेट तिथे फार मदत करत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बाबांच्या पैशाकडे येऊ, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. ६ लाखांवर ७ टक्के म्हणजे वर्षाला ४२ हजार, महिन्याला साडेतीन हजार. पेन्शन २७०० धरून घरात ६,२०० येतात. त्यातून २ लाख ८० हजार काढले की व्याज महिन्याला अठराशे-एकोणीसशेवर येतं. म्हणजे तू पुण्यात असताना दोन माणसांचं घर साडेचार-पावणेपाच हजारांवर. मुलासाठी म्हणून बाबा आनंदाने हो म्हणतील, आईपण म्हणेल, पण ६१ व्या वर्षी गेलेली रक्कम ते परत कमावू शकणार नाहीत. तू २६ चा आहेस, तुझ्याकडे वर्षं आहेत, त्यांच्याकडे फक्त ती एफडी आहे. अगदीच अडलं तर मोडण्यापेक्षा एफडीवर कर्ज मिळतं, साधारण ९० टक्क्यांपर्यंत आणि एफडीच्या रेटपेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने, पण ते दवाखान्यासाठी ठेव, क्लाससाठी नको.

आणि ते पतसंस्थेतले २ लाख, तू एका ओळीत लिहून पुढे गेलास. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. मुदत संपेल तेव्हा रिन्यू करू नका, पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका, तिथे सध्या ८.२ टक्के आहे, २ लाखांवर दर तिमाहीला ४,१०० रुपये खात्यात येतील. हे कोर्सपेक्षा जास्त महत्त्वाचं काम आहे, खरंच सांगतो.

क्लासवाल्याने दुसरा मार्ग सुचवलाय, ‘नो कॉस्ट ईएमआय, आधी शिका नंतर भरा’. हे क्लासचे हप्ते नसतात, एखाद्या एनबीएफसीचं (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचं) तुझ्या नावावरचं, किंवा बाबांच्या नावावरचं, कर्ज असतं, पैसे क्लासला पहिल्याच दिवशी मिळतात आणि क्लास आवडला नाही, बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो, चुकला की सिबिल खराब. सही करायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागायचं, ते देणं बंधनकारक आहे, त्यात कर्ज कोण देतंय, खरा वार्षिक दर किती, आणि किती दिवसांत कर्ज परत करून बाहेर पडता येतं ते लिहिलेलं असतं. ‘१०० टक्के जॉब असिस्टन्स’ या शब्दांत नोकरी कुठेच नाही, फक्त मदत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांच्या खोट्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, कोणी लेखी गॅरंटी देऊन फसवलं तर १९१५ वर तक्रार करता येते. पण शनिवारपर्यंतच डिस्काउंट आहे म्हणणाऱ्याकडे मी सोमवारीही जाणार नाही.

तू शेवटी लिहिलंस की क्लासमधला माणूस म्हणाला, वेगळे ३० हजार दिले तर दोन वर्षांचा एक्सपीरियन्स पण लावून देतो. कृपा करून हे करू नको. असले प्रकार पुण्यात चालतात हे मला माहीत आहे आणि करून मोकळे झालेले पण असतात, पण तुझा पीएफ यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) जोडलेला आहे, कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते सर्व्हिस हिस्टरीत दिसतं आणि बॅकग्राउंड चेकवाले तेच बघतात. जॉइन झाल्यावर दीड वर्षाने पकडला गेलास तर नोकरी जाते आणि तुझे खरे सोळा महिने पण कोणी खरे मानत नाही. ते सोळा महिने प्रामाणिक आहेत, तीच तुझी कमाई आहे, ती घाण करू नको.

आता फाउंड्रीची नोकरी. तुला वाटतंय की ईआरपी सपोर्ट म्हणजे प्रोग्रामिंग संपलं. असेलही, नसेलही, आणि हेच तुला जॉइन व्हायच्या आधी विचारायचंय, ही माझी अट. विचार की डेटाबेसवर क्वेरी लिहायचा ॲक्सेस मिळेल का, रिपोर्ट मी बनवणार का, ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल सिस्टीमला जोडलेलं आहे की अजून कोणी हाताने पोर्टलवर टाकतंय. ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलमधल्या बऱ्याच कारखान्यांना एपीआय (दोन सिस्टीम आपोआप बोलतील असा दुवा) जोडणारा, डिस्पॅचचं बारकोड बसवणारा, रिजेक्शनचा (नापास झालेल्या मालाचा) रोजचा रिपोर्ट मालकाच्या मोबाइलवर पाठवणारा माणूस लागतो. हे काम करून रेझ्युमेवर लिहिलंस की अमुक सिस्टीम बांधली, रोज इतकी बिलं त्यातून जातात, तर क्लासमधल्या शंभर जणांच्या सारख्याच ‘ई-कॉमर्स प्रोजेक्ट’पेक्षा इंटरव्ह्यूत ते कितीतरी वजनदार आहे. ॲक्सेस नाही, फक्त एक्सेलमध्ये टायपिंग आहे असं उत्तर आलं तर मात्र ही नोकरी तीन-चार महिने पगारापुरती घे आणि शोध चालू ठेव, माझं मत तेवढं बदलेल.

पैशाचं असं कर. क्रेडिट कार्डाचे २२ हजार थकलेत आणि तू मिनिमम भरतोयस, तिथे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागतं, ते आजच सेव्हिंगमधून पूर्ण भर. उरले ४० हजार. पगार १६ हजार, त्यातले ५ घरी दे, ५ तुझा खर्च, ६ बाजूला. दहा महिन्यांत ६० हजार, आधीचे ४० धरून एक लाख, इंटरव्ह्यूच्या पुण्याच्या फेऱ्यांना दहा गेले तरी ९० हजार राहतात, म्हणजे कोणाची एफडी न मोडता पुण्यात सहा महिने राहून शोधायची ताकद तुझ्या स्वतःच्या खात्यात. पण पहिला राउंड आता बहुतेक ऑनलाइनच होतो, त्यामुळे ऑफर हातात आल्यावरच जा, सहा महिने तिकडे बसून वाट बघायची वेळ शक्यतो येऊ देऊ नको. पीएफ काढू नको, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो, नवीन कंपनीत ट्रान्सफर कर.

शिकायचं आहेच, नाही कशाला. रोज संध्याकाळी दोन तास, एसक्यूएल (डेटाबेसच्या क्वेरी लिहायची भाषा) पक्कं कर, लाराव्हेल येतंच आहे, त्याच्या जोडीला रिॲक्ट किंवा पायथन, दोन्ही एकदम नको. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये. आणि क्लासरूममध्ये बसूनच शिकायचं असं वाटत असेल तर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पीजी-डॅक डिप्लोमाची प्रवेशपरीक्षा दे, सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी साधारण ९० हजार अधिक जीएसटी, तिथे सीट परीक्षेतून मिळते त्यामुळे कंपन्या तिथे येतात. नोकरीची खात्री तेही देत नाहीत. पण रँक चांगली आली तर मला परत लिही, तेव्हा एफडीवरच्या कर्जाचा विचार करायला मी तयार आहे, या क्लाससाठी नाही.

दोन गोष्टी राहिल्या. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला असणार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, तिघांची नावं रेशन कार्डवर नीट आहेत का बघ आणि कार्ड काढून ठेव. आणि फाउंड्रीतला पगार तू १८ मागून बघ, सोळा महिन्यांचा अनुभव आहे, मालक फार तर नाही म्हणेल, पण सहा महिन्यांनी वाढवतो असं म्हणाला तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घे.