तिसरीचा पट, पहिलीची पोरं

पंचवटी, नाशिक
५ फेब्रुवारी २०२३

प्रिय नव्या बाई, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोरं एका जागी बसत नाहीत, खोडरबरावरून झिंज्या ओढतात, जरा बोललं की भोकाड पसरतात, असं लिहिलंस. हिशेब कर. तुझी तिसरीची पोरं जून २०२० मध्ये पहिलीत बसली ती पटावर. कोरोनापायी शाळा मार्चपासूनच बंद. लहान्यांचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, जानेवारीत परत मिटले, मग महिनाअखेरीला सुरू झाले. दोन वर्षांत हाती आले ते जेमतेम चार-पाच महिने. पहिलीत अक्षरांच्या आधी पोर पाळीसाठी थांबायला शिकतं, मागून घ्यायला शिकतं, आईवाचून दिवस काढायला शिकतं. तेच यांचं राहिलंय. त्याला तू उर्मटपणा म्हणतेस.

त्यासाठी वेगळा तास नको, खिचडीची पंगत पुरे. ताटं वाटायला रोज वेगळी तीन पोरं घे, वाटणाऱ्यांनी शेवटी बसायचं. आठ-दहा दिवस गोंधळ होईल. होऊ दे.

आता वाचन. वर्गापुढे उभं करून वाचून घेऊ नकोस, त्यानंच पोरं मिटतात. एकेकाला व्हरांड्यात घे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, जिथं अडेल तिथं थांब. दोन-तीन मिनिटांत कळतं. मग रोज तासभर इयत्ता विसरून, जो जिथं अडला त्याप्रमाणे गट लाव, आणि जो पुढे सरकेल त्याचा गट लगेच बदल. गट कायमचा झाला की त्याला ‘ढ’ नाव पडलंच समज. गेल्या महिन्यात असरचा, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, अहवाल आला. देशभरातल्या खेड्यांत तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. म्हणजे आधीही चारांतली जवळपास तीन अडतच होती. सगळं खापर कोरोनावर फोडून आपण मोकळे होऊ नये.

माझंच सांगते. निवृत्तीच्या आधीचं ते वर्ष मी व्हॉट्सॲपवर वह्यांचे फोटो तपासण्यात घालवलं. एका मुलीचं अक्षर मोत्यासारखं. रोज शाबासकी पाठवायचे. शाळा उघडल्यावर कळलं, अक्षर आईचं होतं. त्या माउलीला मी काय बोलणार? घरात फोन एकच, तो बापाबरोबर अंबडच्या कंपनीत, रात्री परत आला की पोरगी पेंगलेली. १ जुलै २०२१ पासून मागचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रम आला तोही असल्याच फोनवरून.

वजाबाकीत हातच्याला अडतात म्हणतेस. अगं, तू दिंडोरीत आहेस! द्राक्षछाटणीच्या काड्या कुठल्याही बांधावर मिळतील. दहा-दहाच्या जुड्या बांधायला लाव. बेचाळीसातून सात काढायचे तर एक जुडी सोडावीच लागते. ती सोडताना ‘हातचा’ हा शब्द काढूच नको, तो चार दिवसांनी फळ्यावर येऊ दे.

द्राक्षकाढणीला आता पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं येतील, पोरंही येतील. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं पोर तुझ्या प्रश्नाला गप्प राहिलं तर त्याला येत नाही असं लिहून मोकळी होऊ नकोस. त्याच्याकडून चार शब्द तू शीक, फळ्यावर लिही. मग बघ कसं बोलतं ते.

दंगेखोरांची मला फारशी काळजी नाही. तू पत्राच्या शेवटी, जाता जाता, दाराशी बसणाऱ्या एका मुलाचं लिहिलंस. ‘शांत आहे, त्रास देत नाही.’ त्याच्या घरी जाऊन आलीस का? दुसऱ्या लाटेत घरातलं कोण गेलं ते पटावर नसतं. या आठवड्यात जा. मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतील, त्यांना सांग की संध्याकाळी शाळा सुटल्यावर गेले होते. रविवारी इकडे येशील तेव्हा आधी त्याचंच सांग, वह्या मागाहून बघू.

तुझी,
बाई