सांगाडा भावाचा आहे का, हे ठरवायला सात वर्षे थांबू नका

प्रश्न : धाकटा भाऊ २०२२ पासून बेपत्ता असून 'मिसिंग'ची नोंद केलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यात घाटाखाली एक सांगाडा सापडला. चौकशीला गेलो, तर "सात वर्षे थांबा" असे सांगण्यात आले. परदेशी वंशावळ-संकेतस्थळावर माझा डीएनए टाकावा का? आई ७८ वर्षांची आहे. भावाला पत्नी व मुलगा आहे.

उत्तर : सात वर्षांचा नियम ओळख पटवण्याच्या आड येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार, सात वर्षे जिची काहीच खबर नाही ती व्यक्ती हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, इतकेच. मृत्यू नेमका केव्हा झाला हे त्यातून ठरत नाही, आणि विम्याचे हप्ते मध्येच थकले असतील तर वहिनींचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो.

सांगाड्याबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असेल. तो क्रमांक मिळवून त्या ठाण्याच्या निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा. मांडीचे हाड किंवा दाढ राखून ठेवली आहे का, हे अर्जात स्पष्ट विचारा. अवशेष पुरले असतील, तर ते उकरून तपासण्याचा अधिकार कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांना आहे. आईचे रक्त मात्र आजच घेण्याची विनंती करा. तिच्या वयाकडे पाहता ही बाब लांबणीवर टाकण्यासारखी नाही. आई आणि पुतण्या या दोघांच्या नमुन्यांवरून निघणारा निष्कर्ष केवळ आपल्या नमुन्यापेक्षा कितीतरी भक्कम असतो, आणि जुन्या हाडांतही बरेचदा तग धरणारा मायटोकाँड्रियल डीएनए आईकडूनच आलेला असतो. नमुने पोलिसांमार्फत, सीलबंद, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाऊ द्या. खासगी किटचा अहवाल उपयोगाचा नाही, कारण तुलनेचे हाड पोलिसांच्याच ताब्यात आहे.

संकेतस्थळाचा मार्ग नातलगच ठाऊक नसतात तेव्हाचा आहे. अमेरिकेतील ओहायोत १९८१ मध्ये सापडलेल्या, 'बकस्किन गर्ल' म्हटल्या गेलेल्या अनोळखी तरुणीच्या मृतदेहाची ओळख २०१८ मध्ये एका दूरच्या नातलगाच्या जनुकीय नोंदीवरून पटली. आपल्याकडे जन्मदाती आईच हजर असताना तो द्राविडी प्राणायाम कशाला? शिवाय अशी नोंद एकट्या आपली नसते. ती साऱ्या भाऊबंदांची माहिती उघड करते.

अर्जावर महिनाभरात हालचाल न झाल्यास उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येईल, आणि त्या वेळी ती पोचच आपला पहिला पुरावा असेल.